मराठीत प्रत्यय, इंग्रजीत चिन्ह

गेली काही वर्षे तापीकाठच्या एका गावात मी दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासतो आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे मुलांना शब्द बऱ्यापैकी येतात, काळही जमतात. तरीही पान हाती घेतले की काहीतरी बिनसलेले दिसते. ‘माय फादर इज अ फार्मर’ या वाक्यात ‘फादर’ आणि ‘फार्मर’ या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे कॅपिटल असतात, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसतो आणि पुढचे वाक्य स्मॉल अक्षराने सुरू होते. एका मुलाला कारण विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, वडिलांना लहान अक्षरात कसं लिहायचं?” त्या उत्तरात चूक होती, पण तर्कही होता, आणि तो तर्क मराठीचा होता.

मराठीत मालकी, नाते, संबोधन आणि आदर हे सगळे शब्दाच्या रूपातच दिसते. ‘वडील आले’ यातील अनेकवचनी क्रियापदात आदर येतो, ‘मुलांनो’ म्हटले की हाक ऐकू येते, ‘शेतकऱ्याचा’ म्हटले की मालक कोण ते कळते. इंग्रजीने आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय शेकडो वर्षांत झिजवून टाकले आहेत, त्यामुळे तिथे हे काम शब्दांचा क्रम आणि कागदावरची चिन्हे मिळून करतात. म्हणूनच ‘विरामचिन्ह म्हणजे वाचताना थांबण्याची जागा’ ही शाळेत सर्रास सांगितली जाणारी व्याख्या मराठी मुलाच्या फारशी उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे. थांबायचे कुठे हे त्याला ठाऊक असते. आपल्या भाषेत जे प्रत्यय सांगतो ते इथे कोणते चिन्ह सांगते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

या लेखात इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि कॅपिटल कुठे येते ते शब्दांत सांगितले आहे. ती वाक्ये वहीत रोमन लिपीत स्वतः लिहून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रथम वाक्याच्या शेवटाचा विचार करू. मोडी लिपीत लिहिणारे कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि तिला अक्षरे जोडत जात. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती आणि आजच्यासारखी विरामचिन्हेही नव्हती. तरीही ते कागद जाणकारांना वाचता येतात, कारण मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि ‘आहे’, ‘केले’, ‘दिला’ असे काही आले की वाक्य संपले हे वाचणाऱ्याला कळते. आज आपण वापरतो ती चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या वळणाने मराठीत आली आणि ती रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे मराठीच्या दृष्टीने पूर्णविराम हा पाहुणा आहे. तो नसला तरी घर चालते.

इंग्रजीत तसे नाही. तिथे क्रियापद वाक्याच्या मध्यावर असते आणि शेवटी कोणताही शब्द येऊ शकतो. ‘आय वेन्ट टू अमळनेर माय अंकल लिव्हज देअर’ असे सलग लिहिले, तर ‘अमळनेर’पाशी वाक्य संपले हे सांगणारा एकही शब्द त्यात नाही. म्हणून ‘अमळनेर’नंतर पूर्णविराम आणि ‘माय’चा एम कॅपिटल, अशी एकाच सांध्यासाठी दोन चिन्हे इंग्रजीने ठेवली आहेत. पूर्णविराम संपल्याचे सांगतो आणि कॅपिटल सुरू झाल्याचे. मुले अनेकदा यांपैकी एकच वापरतात आणि दुसरे आपोआप समजले जाईल असे मानतात. तसे मानू नये.

हीच सवय स्वल्पविरामाच्या एका चुकीतही दिसते. ‘पाऊस आला, कापूस भिजला’ हे मराठीत उत्तम वाक्य आहे, कारण ‘आला’ आणि ‘भिजला’ ही दोन्ही क्रियापदे आपापली वाक्ये स्वतःच बंद करतात. ‘इट रेन्ड, द कॉटन गॉट वेट’ हे मात्र परीक्षकाला चूक वाटते, कारण दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे प्रमाण इंग्रजीला मान्य नाही. तिथे मध्ये ‘अँड’ घालावा, किंवा पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करावे, किंवा अर्धविराम द्यावा. अर्धविरामाचे छापील रूप १४९४ साली व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यात तयार झाले आणि एकमेकांशी संबंध असलेली दोन पूर्ण वाक्ये जोडणे हे त्याचे मुख्य काम आहे. शालेय निबंधात तो एकदाही वापरला नाही तरी चालते. चुकीच्या जागी वापरला तर मात्र दिसतो.

आता कॅपिटल अक्षरांकडे वळू, कारण मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे या एका गोष्टीला मराठीत जोड सापडत नाही. रोमन लिपीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरे खालच्या पेटीत ठेवत, म्हणून त्यांना ‘अप्पर केस’ आणि ‘लोअर केस’ अशी नावे पडली. मोठे अक्षर म्हणजे मोठा मान, हा अर्थ मात्र त्या पेट्यांत नव्हता. कॅपिटल अक्षर मुख्यतः दोनच गोष्टी सांगते: इथे वाक्य सुरू झाले, किंवा हे एखाद्याचे खास नाव आहे.

म्हणून ‘माय फादर’मधील एफ स्मॉल, कारण ‘फादर’ हे इथे नाते आहे, नाव नव्हे. मात्र त्याच शब्दाने कोणी वडिलांना हाक मारली आणि तो शब्द नावासारखा वापरला, तर तो कॅपिटल होतो. ‘अ फार्मर’, ‘अ टीचर’, ‘अ डॉक्टर’ हे सगळे व्यवसाय स्मॉल. शिक्षकांचा ‘टीचर’ स्मॉल लिहिल्याने त्यांचा अपमान होत नाही. जर्मन भाषेत प्रत्येक नाम कॅपिटलने लिहितात आणि सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजीतही बरीच नामे तशी लिहिली जात. आजच्या इंग्रजीने ती पद्धत सोडली आहे. म्हणजे त्या मुलाची वही तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तपासली गेली असती, तर कदाचित त्याला पूर्ण गुण मिळाले असते!

खास नाव आणि साधा शब्द यांतील फरक दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण खानदेशाच्या इतिहासातच आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले: जळगाव मुख्यालय असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्यालय असलेला पश्चिम खानदेश. इंग्रजीत ‘ईस्ट खानदेश’ लिहिताना ‘ईस्ट’चा ई कॅपिटल, कारण तो जिल्ह्याच्या नावाचा भाग आहे. ‘भुसावळ इज ईस्ट ऑफ जळगाव’ लिहिताना मात्र तोच ई स्मॉल, कारण तिथे ती नुसती दिशा आहे. तसेच १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या आणि २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या इंग्रजी नावातील ‘नॉर्थ’ कॅपिटल, पण ‘द नॉर्थ ऑफ द स्टेट’मधील ‘नॉर्थ’ स्मॉल. ‘तापी रिव्हर’मधील आर कॅपिटल, पुढच्या वाक्यात नुसते ‘द रिव्हर’ आले की स्मॉल. शब्द तोच असतो, पण तो नावात बसला आहे की नावाबाहेर उभा आहे, यावर अक्षर ठरते.

वार आणि महिने ही नावे मानली जातात, म्हणून ‘मंडे’ आणि ‘ऑगस्ट’ नेहमी कॅपिटल. ‘समर’, ‘विंटर’, ‘मॉन्सून’ हे ऋतू स्मॉल. भाषांची नावे, म्हणजे ‘इंग्लिश’, ‘मराठी’, ‘अहिराणी’, नेहमी कॅपिटल. पण गणित आणि विज्ञान हे विषय म्हणून साध्या वाक्यात आले तर स्मॉल. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच असतो. यात अहंकार शोधण्याचे कारण नाही. हाताने लिहिलेल्या पानात एकटी छोटी उभी रेघ हरवू नये म्हणून ती मोठी झाली, असे सामान्यतः मानले जाते. निबंधाच्या शीर्षकात महत्त्वाच्या शब्दांची पहिली अक्षरे कॅपिटल असतात आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’ यांसारखे छोटे जोडशब्द मधे आले तर स्मॉल राहतात: ‘माय व्हिजिट टू तोरणमाळ’ यात एम, व्ही आणि तोरणमाळचा टी कॅपिटल, पण ‘टू’चा टी स्मॉल.

एक अडचण नियमांची नसून हाताची आहे. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड या अक्षरांची कॅपिटल आणि स्मॉल रूपे आकाराने सारखीच असतात. फरक केवळ उंचीचा. चार रेघी वही सुटली की मुले ही अक्षरे मधल्याच कुठल्यातरी उंचीची काढतात, आणि नियम माहीत असूनही गुण जातात. ज्यांचे असे होते त्यांनी महिनाभर पुन्हा चार रेघी वहीत लिहावे. दहावीत असल्याची लाज वाटू देऊ नये.

ॲपॉस्ट्रॉफी हे वर टांगलेले छोटे चिन्ह मुलांना सर्वांत अवघड वाटते. खरे तर मराठी मुलाला ते सर्वांत सोपे वाटायला हवे. ‘शेतकऱ्याचे बैल’ आणि ‘शेतकऱ्यांचे बैल’ यांत लिहिण्यातला फरक केवढा? डोक्यावरच्या एका अनुस्वाराचा. तो टिंब दिला नाही, तर गावभरचे बैल एकाच शेतकऱ्याच्या गोठ्यात जातात. इंग्रजीत हेच काम ॲपॉस्ट्रॉफीची जागा करते. एका शेतकऱ्याचे बैल असतील, तर ‘फार्मर’ लिहून आधी ॲपॉस्ट्रॉफी आणि मग एस; अनेक शेतकऱ्यांचे असतील, तर अनेकवचनाचा एस आधी लिहायचा आणि त्यानंतर ॲपॉस्ट्रॉफी. नुसतेच अनेक शेतकरी असतील आणि मालकीचा प्रश्नच नसेल, तर ॲपॉस्ट्रॉफी नको. तिन्हींचा उच्चार तंतोतंत एकच आहे, म्हणून हा फरक कानाने कधीच समजणार नाही. तो डोळ्यानेच शिकावा लागतो. ‘चिल्ड्रन’सारखे अनेकवचन एस न लागता झाले असेल, तर पुन्हा ॲपॉस्ट्रॉफी आधी आणि एस नंतर.

हे चिन्ह मुळात गळलेल्या अक्षराची खूण आहे. ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’ होताना ‘नॉट’मधला ओ गळतो आणि त्याच जागी ॲपॉस्ट्रॉफी बसते. मालकीच्या ॲपॉस्ट्रॉफीचे मूळही तेच: जुन्या इंग्रजीत अनेक नामांना लागणाऱ्या ‘एस’ प्रत्ययाआधी एक ई असे, तो पुढे गळला.

यातूनच ‘इट्स’चा तिढा सुटतो. ‘इट इज’चे आखूड रूप असेल तर आय गळला आहे, म्हणून ॲपॉस्ट्रॉफी हवी. ‘त्याचे’ किंवा ‘तिचे’ या अर्थाचा ‘इट्स’ असेल तर नको. मुले विचारतात की मालकी असूनही इथे चिन्ह का नाही. त्यांना मी उलट विचारतो की, आपण ‘मीचा’ आणि ‘तूचा’ का म्हणत नाही. ‘माझा’ आणि ‘तुझा’ या रूपांतच मालकी शिजून मुरलेली असते, वेगळा ‘चा’ लावावा लागत नाही. इंग्रजीतील ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ आणि हा ‘इट्स’ हे सगळे ‘माझा-तुझा’च्या पंगतीतले आहेत, म्हणून त्यांपैकी एकालाही ॲपॉस्ट्रॉफी लागत नाही.

स्वल्पविरामाची काही कामे साधी आहेत. यादीतले शब्द वेगळे करणे हे त्यांपैकी एक, त्यावर फार वेळ घालवायला नको. जिथे अर्थच उलटतो अशा दोन जागा मात्र नीट पाहाव्यात. पहिली जागा संबोधनाची. वर्गात प्रश्नाचे उत्तर येत असेल, तर विद्यार्थी लिहितो, ‘आय नो, सर’. त्याचा अर्थ ‘मला माहीत आहे, सर’. स्वल्पविराम काढला की ‘आय नो सर’ याचा अर्थ ‘मी सरांना ओळखतो’ असा होतो. मराठीत ‘सरांना’ या एका प्रत्ययाने हा घोळ होऊच दिला नसता. इंग्रजीत ‘सर’ हा शब्द दोन्हीकडे जसाच्या तसा राहतो, म्हणून हाक मारलेल्या नावाला स्वल्पविरामाने बाजूला काढावेच लागते.

दुसरी जागा ‘हू’, ‘व्हिच’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्याची. समजा, रावेर-यावलकडे वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विम्याचे पैसे आले. ‘द फार्मर्स हू हॅड इन्शुरन्स गॉट द मनी’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर अर्थ होतो: ज्या शेतकऱ्यांनी विमा काढला होता, त्यांनाच पैसे मिळाले, बाकीचे तसेच राहिले. ‘फार्मर्स’नंतर एक आणि ‘इन्शुरन्स’नंतर एक असे दोन स्वल्पविराम घातले, की अर्थ होतो: शेतकऱ्यांना पैसे मिळाले, आणि त्या सगळ्यांचाच विमा होता. मराठीत ‘ज्यांनी... त्यांना’ ही जोडी हा भेद उघड सांगते. इंग्रजीत तो भेद दोन टिकल्यांवर उभा आहे, आणि त्यातली एकच देऊन दुसरी विसरणे ही तर निव्वळ चूकच.

या टिकल्यांची किंमत पैशांतही मोजली गेली आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात एका दुग्धव्यवसायाच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा केला होता. ज्या कामांना जादा मोबदला लागू नाही, त्यांची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे यादीतले स्वतंत्र काम, की रवाना करण्यासाठी किंवा वितरणासाठी माल बांधणे हे मिळून एकच काम? चालक माल बांधत नव्हते, पोहोचवत होते. २०१७ साली अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली आणि २०१८ साली पन्नास लाख डॉलरना तडजोड झाली. मराठीत तोच कायदा लिहिणाऱ्याला ‘वितरण’ लिहायचे की ‘वितरणासाठी’ हे आधीच ठरवावे लागले असते. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम देण्याची पद्धत अमेरिकेत अधिक आहे; आपल्याकडे, ब्रिटिश वळणामुळे, तो सहसा देत नाहीत. कोणतीही एक पद्धत धरावी, पण एका पानावर दोन्ही नकोत.

अवतरणचिन्हांच्या बाबतीत मराठी वाक्यात आधी बोलणे येते आणि मग ‘असे तो म्हणाला’ येते. हा ‘असे’ किंवा ‘म्हणून’ बोलणे कुठे संपले ते सांगतो. इंग्रजीत तसा शब्द नाही, म्हणून अवतरणचिन्हे उघडून बंद करणे सक्तीचे. ‘ही सेड’ आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, मग चिन्ह उघडावे आणि आतल्या पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करावे. ‘ही सेड दॅट’ असे लिहून दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगितले, तर स्वल्पविरामही नको आणि अवतरणचिन्हेही नकोत. प्रश्नचिन्हाचेही तसेच. ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही’ या वाक्यात ‘कुठे’ असूनही प्रश्न नाही. ‘आय डू नॉट नो व्हेअर ही वेन्ट’ याच्या शेवटीही पूर्णविरामच येतो.

उद्गारचिन्हाविषयी एवढेच, की एका निबंधात एक पुरे, आणि तीन सलग तर कधीच नकोत. सगळीच अक्षरे कॅपिटल करून पाठवलेला मोबाइलवरचा संदेश इंग्रजी वाचणाऱ्याला ओरडल्यासारखा वाटतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता टंकलेखनातली मोकळी जागा. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही आधीच्या शब्दाला चिकटून असतात आणि त्यांच्यानंतर एक जागा सोडतात. कंसाचे आणि अवतरणाचे उघडणारे चिन्ह मात्र पुढच्या शब्दाला चिकटते. चिन्हाच्या आधी जागा सोडली, तर संगणक ओळ तिथेच मोडू शकतो आणि एकटा स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसतो.

आकड्यांत आपण १२,५०,००० असे लिहितो. परदेशी वाचक ते १,२५०,००० असे लिहितो. तारखेत आपला ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट, अमेरिकनाचा आठ मे. परदेशी संस्थेचा अर्ज भरताना महिना अक्षरांत लिहावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

शेवटी अर्ज, कारण परीक्षेत तो येतोच आणि परीक्षेनंतरही सुटत नाही. ‘सब्जेक्ट’ या शब्दापुढे अपूर्णविराम, ‘डिअर सर’नंतर स्वल्पविराम. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ अशी आखूड रूपे औपचारिक पत्रात टाळावीत आणि ती पूर्ण लिहावीत. नाव न घेता ‘डिअर सर’ लिहिले असेल, तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. ‘डिअर मिस्टर पाटील’ असे नावाने लिहिले असेल, तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘युअर्स’ हा ‘माझा-तुझा’च्या पंगतीतला, म्हणून त्यात ॲपॉस्ट्रॉफी नाही, मी तपासलेल्या अर्जांत सर्वाधिक वेळा खोडावी लागलेली ॲपॉस्ट्रॉफी हीच. ‘युअर्स’चा वाय कॅपिटल, ‘फेथफुली’चा एफ स्मॉल आणि त्यानंतर स्वल्पविराम. खाली सही, सहीखाली पूर्ण नाव, आणि नाव हे वाक्य नसल्यामुळे त्यापुढे पूर्णविराम नाही.